जावयाचा फॉरमॅट

आमच्या घरातला कॉम्प्युटर बिघडला की मटण आणावं लागायचं. कारण तो दुरुस्त करायला यायचा माझ्या थोरल्या नणंदेचा नवरा, म्हणजे या घरचा जावई. शहरातल्या एका कार्यालयात तो कॉम्प्युटरचं काम बघतो. नात्यात कुणाचंही मशीन बंद पडलं की पहिला फोन त्याला जातो. तो एक पैसाही घेत नाही, हे सगळे कौतुकानं सांगतात. मला विचाराल तर त्यानं पैसे घेतले असते तर बरं झालं असतं. पैसे घेणाऱ्या माणसाला विचारता येतं, काय केलंस, का केलंस, पुन्हा का बिघडलं. जावयाला विचारता येत नाही. त्याला गरम वाढायचं असतं आणि जेवण झालं की टेकायला उशी द्यायची असते.

तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते. इथं मात्र एकेरीच लिहिणार आहे. तेवढी मुभा मी स्वतःला दिली आहे.

आम्ही बजाजनगरला राहतो. वाळूजच्या एका कंपनीत मी वीस वर्षं क्वालिटीत होते. मशीनमधून निघालेला पीस हातात घ्यायचा, मापाचा गेज लावायचा, चांगला इकडे, वाईट तिकडे. ती लाइन बंद झाल्यावर घरी बसले आणि लग्नाआधी शिकलेलं मराठी टायपिंग पुन्हा हातात घेतलं. आता विद्यापीठातल्या मुलामुलींचे प्रबंध टाइप करते, वकिलांची कामं करते. घरातला तो जुना डेस्कटॉप माझ्या कामाचं हत्यार आहे. त्याच्यावर कुणी गाणी ऐकत नाही की सिनेमे बघत नाही.

तर हे हत्यार वर्षातून तीन-चारदा सकाळी सकाळी रुसायचं. बटण दाबलं की काळा पडदा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच इंग्रजी ओळ. ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही, एवढाच तिचा अर्थ. मग नवरा फोन करायचा, "दाजी, पुन्हा तेच झालंय बघा." दाजी रविवारी हजर. खुर्चीत बसायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "फॉरमॅट मारावा लागतो वहिनी. विंडोज बसली तुमची." विंडोज त्यानंच कुठून तरी आणून घातलेली, अस्सल नव्हे. ती बसली की उठवणाराही तोच.

कधी कधी तो जेवताना सांगायचा, "या वेळी तुमचं सगळं वाचवलं बरं का. लई कुटाणा झाला, पण एक फाइल जाऊ दिली नाही." मी त्याच्या ताटात आणखी दोन फोडी वाढायची. त्या फोडी मला आजही आठवतात.

मागच्या उन्हाळ्यात पैठणच्या एका शिक्षिकेचा प्रबंध माझ्याकडं होता. पाच प्रकरणं. तीन टाइप करून, तपासून डेस्कटॉपवर ठेवलेली. माझी पद्धतच ती होती. चालू काम डेस्कटॉपवर, पूर्ण झालं की जुन्या मोठ्या डिस्कवर. शिलाई करणारी बाई चालू कापड मशीनवरच ठेवते, घडी घालून कपाटात ठेवत नाही, तसंच. एका गुरुवारी मशीन बंद पडलं. जावई त्या दिवशी वाळूजला कशाला तरी आलेला, तो न सांगता दुपारीच टपकला. घरात काही नव्हतं. मी पिठलं टाकलं, भाकरी थापल्या, ठेचा दिला. त्यानं ताटाकडं बघितलं. जेवून उठला, मशीनपुढं बसला आणि सगळं पुसून टाकलं. तीन प्रकरणं गेली.

"तुम्ही मला विचारलं का नाही?" मी म्हणाले.

"डेस्कटॉपवर ठेवतं का कुणी, वहिनी?" तो हसला. "टायपिंग शिकलात, पण कॉम्प्युटर नाही शिकलात. राहू द्या, तुमचं वय नाही आता ते."

तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे.

त्या शिक्षिकेला मी फोन करून खरं ते सांगितलं. ती एसटीनं आली, हस्तलिखित पुन्हा माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, मला या महिन्यात जमा करायचंय." चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी अकरा दिवस बसून तीन प्रकरणं परत टाइप केली. अकराव्या दिवशी, मनगट बांधलेलं असताना, मी नवऱ्याला सांगितलं की या घरात पुन्हा फॉरमॅट होणार नाही. तुझा दाजी जेवायला येऊ दे, हजारदा येऊ दे, पण माझ्या मशीनला त्याचा हात लागणार नाही.

"मग बिघडल्यावर कोण बघणार?"

"मी."

नवरा कंपनीत पहिली-दुसरी पाळी करतो, शांत माणूस आहे. तो फक्त म्हणाला, "दाजींना असं कळू देऊ नको." पण नणंदेला कळलं, म्हणजे जावयाला कळलंच. त्याचा निरोप आला, "वहिनींना सांगा, फोन नंबर तोच आहे माझा. लागेल."

हा 'लागेल' शब्द माझ्या डोक्यात बसला.

लिनक्सचं मला त्याच शिक्षिकेनं सांगितलं. तिच्या शाळेतली सगळी मशीनं त्याच्यावर चालतात. फुकट असतं, अस्सल असतं, कुणाला आणायला जावं लागत नाही. मराठी युनिकोड नीट चालतं. मी महिनाभर वाचलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून वहीत पायऱ्या लिहून काढल्या, कंपनीत प्रत्येक मशीनशेजारी कामाच्या पायऱ्यांचा कागद चिकटवलेला असायचा तसा. सगळं काम आधी दोन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. या वेळी पुसायचं होतं ते मीच पुसणार होते.

माझ्या मशीनमध्ये दोन डिस्क आहेत. एक मशीनबरोबर आलेली जुनी, मोठी, तिच्यात आता नुसते फोटो आणि संपलेली कामं. दुसरी छोटी पण वेगवान, ती जावयानंच मागं बसवून दिली होती. लिनक्स या दुसरीवर टाकायचं होतं. पायऱ्या अशा होत्या. मशीन चालू होता होता एक कळ दाबायची, म्हणजे मशीनची स्वतःची निळी पाटी उघडते. तिथं सांगायचं की आधी पेन ड्राइव्ह बघ. मग लिनक्स बसवायचं. बसवून झालं की परत त्या पाटीवर जायचं आणि सांगायचं, आता छोटी डिस्क आधी बघ.

एका सोमवारी दुपारी मी हे सगळं केलं. चुकलं नाही. लिनक्स उघडलं, मराठी उघडलं, प्रिंटरनं पहिल्या फटक्यात कागद ओढला. संध्याकाळपर्यंत तीन वेळा बंद करून चालू केलं, प्रत्येक वेळी सुरू झालं.

त्याच दिवशी सासूबाई पाचोडहून आल्या. सासूला आम्ही आत्या म्हणतो. त्या वर्षातले बरेच महिने गावाकडं थोरल्या दिरांजवळ असतात, मधून मधून पंधरा दिवस आमच्याकडं. त्या आल्या की लेक-जावई भेटायला येणारच. आत्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधी लेकीला फोन लावला आणि रविवारचं जेवण ठरवून टाकलं. मला त्याचं काही नव्हतं. उलट आनंद झाला. रविवारी तो येईल, माझ्या मशीनवर माझं लिनक्स चालू असेल, आणि मी काही न बोलता त्याच्यासमोर टाइप करत बसेन, एवढंच मला हवं होतं.

मंगळवारी सकाळी बटण दाबलं. काळा पडदा, पांढरी ओळ. तीच ओळ, शब्दाशब्दानं तीच.

मी खुर्चीत बसले आणि पहिला विचार आला तो, 'लागेल'.

आत्या मागं उभ्या होत्या. "बिघडलं व्हय?"

"बघते."

"जावईबापूला लाव की फोन. रविवारी येणारच हायती. त्यांच्यासाठी चुटकीचं काम."

"नको. मी करते."

"लई शहाणी झालीस बाई तू. बिघडवलंस तू, मग करणार बी तूच?"

मी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू केलं. पेन ड्राइव्ह, निळी पाटी, सगळं पुसून पुन्हा बसवलं. दुपारी चालू. बंद-चालू करून बघितलं, चालू. बुधवारी सकाळी पुन्हा काळा पडदा.

बुधवारी मी तिसऱ्यांदा बसवलं. इंटरनेटवर लोक काय काय सांगत होते. कुणी म्हणालं सुरुवातीचा प्रोग्रॅम नीट लिहिला गेला नाही, कुणी म्हणालं डिस्क मरायला टेकली, कुणी भलीमोठी कमांड दिली, ती मी एकेक अक्षर तपासून टाइप केली. कमांड चालली, पडद्यानं सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मशीन बंद करून चालू केलं, सुरू झालं. गुरुवारी सकाळी परत बंद.

नवरा दुसऱ्या पाळीला निघत होता. डबा घेता घेता म्हणाला, "एक फोन केला तर काय होतंय गं? नाहीतरी रविवारी येणारेत. तुझा अभ्यास झाला, आपण मान्य करू ना."

"कोणाचं मान्य करू?"

"दाजींचं."

"त्यांचं काय मान्य करायचं?"

तो दारात जाऊन वळला. "मटण आणू की चिकन?"

"मटण आण," मी म्हणाले. "चांगलं आण."

मग मी मशीनपुढून उठले. तीन दिवस मी दुरुस्ती करत होते, तपासणी केलीच नव्हती. कंपनीत आम्हाला साहेबानं पहिल्या महिन्यात एकच गोष्ट डोक्यात घातली होती. पीस वाईट निघायला लागले की मशीनला हात लावू नका. चांगल्या वेळी काय होतं आणि वाईट वेळी काय होतं ते शेजारी शेजारी लिहा, आणि मधे काय बदललं ते शोधा. मी वही घेतली. दोन रकाने पाडले.

सोमवार दुपार चालू. संध्याकाळी तीनदा बंद-चालू, चालू. मंगळवार सकाळ बंद. मंगळवार दुपार चालू, दोनदा बंद-चालू, चालू. बुधवार सकाळ बंद. बुधवार दुपार चालू. गुरुवार सकाळ बंद.

म्हणजे बंद-चालू केल्यानं बिघडत नव्हतं. रात्र मधे आली की बिघडत होतं. रात्री मशीनला कोण हात लावतं? कुणीच नाही. मशीन बाहेरच्या खोलीत आहे आणि तिथं आत्या झोपतात.

आत्या भाजी निवडत होत्या. मी समोर जाऊन बसले. "आत्या, रात्री झोपायच्या आधी तुम्ही इथं काय काय करता?"

"मी काय करती? गोळी घेतली अन् आडवी झाले."

"दार?"

"दार तूच लावतीस."

"दिवा?"

"दिवा मालवते. अन् ती समदी बटनं बंद करते. त्या टेबलाजवळ लाल दिवा असतोय, टकाटका माझ्याकडंच बघतोय. डोळा लागंना."

टेबलाजवळचा बोर्ड. मी स्वतः मशीन शटडाऊन करते, पण भिंतीवरचं बटण कधी बंद करत नाही. लाइट गेली तरी इन्व्हर्टर आहे. आत्या मात्र गावच्या सवयीनं घरातलं प्रत्येक बटण खाली करूनच आडव्या होतात.

"काय झालं गं? माझ्यामुळं बिघडलं का काय तुझं?" आत्यांनी हातातली मेथी खाली ठेवली.

"अजून माहीत नाही."

मी तपासून बघितलं. निळ्या पाटीवर जाऊन छोटी डिस्क आधी लावली, लिनक्स न पुसता, काही नव्यानं न बसवता. मशीन सुरू झालं. सगळं जागेवर. म्हणजे दोन वेळा मी उगाचच पुसून बसवलं होतं. मग मशीन बंद केलं, भिंतीवरचं बटणही बंद केलं आणि वरण शिजायला टाकलं. चौथ्या शिटीला कुकर उतरवला, बटण चालू केलं, मशीन चालू केलं. काळा पडदा.

पुन्हा निळी पाटी. या वेळी नीट वाचली. वरच्या कोपऱ्यात तारीख होती. एक जानेवारी, आणि साल असं की तेव्हा मी अजून कंपनीत कामाला जात होते. घड्याळात बारा वाजून काही मिनिटं. माझं मशीन दर वेळी भिंतीचं बटण बंद झालं की जन्माच्या दिवसाला परत जात होतं. तारीख विसरायचं, आणि तारखेबरोबर कोणती डिस्क आधी बघायची तेही विसरायचं. मग ते आपलं जुन्या मोठ्या डिस्ककडं जायचं, तिथं नुसते फोटो, आणि मग सांगायचं, सापडत नाही.

हे लक्षात ठेवण्यासाठी मशीनच्या पोटात एक सेल असतो. पाच मिनिटांत मोबाइलवर सापडलं. मी मशीनचं झाकण उघडलं. रुपयाच्या नाण्याएवढा, चपटा, कडेला हिरवट बुरशी चढलेला. जावयानं बसवलेली ती छोटी डिस्क त्याच्यापासून चार बोटांवर होती. म्हणजे डिस्क बसवताना त्याचं मनगट या सेलवरूनच गेलं असणार.

बाजारात घड्याळवाल्याकडं गेले. जुना सेल पुढं ठेवला. त्यानं बघितलंही नाही नीट. "कॉम्प्युटरचा ना? हा घ्या. चार-पाच वर्षं बघायचं काम नाही."

"हा गेला तर काय होतं?"

"तारीख जाते. सगळ्यांना माहीत असतं ते."

नवा सेल बसवला. तारीख लावली, डिस्क लावली, बटण बंद केलं आणि मुद्दाम दुपारभर बंदच ठेवलं. आत्यांना सांगितलं, पाहिजे तितकी बटणं बंद करा. शुक्रवारी सकाळी मशीन सुरू झालं. पहिल्या दाबात.

आता मला आनंद व्हायला हवा होता. तासभर झालाही. मग मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मी त्याच्यावर सिलिंडर, दूध आणि आत्यांचं येणं-जाणं लिहिते. जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही, मागच्या कोऱ्या बाजूला कच्चं लिहायला वापरते. दोन वर्षांची काढली. आत्या आल्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी 'मशीन बंद', आणि त्या रविवारी 'मटण'. उन्हाळ्यातला तो गुरुवार सोडला तर दर वेळी. आत्या गावाला असल्या की मशीन महिनोन् महिने कुरकुरत नव्हतं.

आणि आता ती वाचवलेली फाइल आठवली. 'एक फाइल जाऊ दिली नाही.' जाणार कुठं होती? त्यानं निळ्या पाटीवर जाऊन डिस्कचा क्रम बदलला की सगळं जागच्या जागी उघडत होतं. तो खुर्चीत बसल्या बसल्या चहा मागायचा, मी स्वयंपाकघरात जायची, आणि परत येईपर्यंत पडद्यावर विंडोजचं ते निळं चित्र असायचं. मग दोन तास तो नुसता बसून असायचा, फॉरमॅट चालू आहे म्हणून. काही चालू नसायचं. मटण शिजायची वाट बघणं चालू असायचं.

मग उन्हाळ्यातल्या त्या गुरुवारी त्यानं खरोखरच का पुसलं? या प्रश्नाजवळ मी बराच वेळ बसले. त्या दिवशीही क्रमच बदलायचा होता. पाच मिनिटांचं काम. फरक शोधायला मला पुन्हा दोन रकाने पाडावे लागले नाहीत. त्या दिवशी पिठलं होतं.

माझी अकरा दिवसांची मनगटं पिठल्यापायी गेली, असं मी धरून चालते. कुणी मला पुरावा मागितला तर तो नाही. मागायला माझ्याकडं कुणी आलंही नाही.

रविवारी मटण अगदी मनापासून केलं. खोबरं भाजून, काळा मसाला ताजा कुटून. त्याचा मान राखून, पोटभर वाढूनच मला विचारायचं होतं, म्हणजे वहिनीनं जावयाचा अपमान केला असं म्हणायला जागा राहू नये. नणंद आणि तो अकराला आले. मशीन चालूच ठेवलेलं. त्यानं येता येता बघितलं.

"अरे, हे काय टाकलं?"

"लिनक्स."

"चालतं का?"

"चालतं."

"बघू, किती दिवस."

तो बसला. मी चहा दिला. जेवायला बसलो, मी वाढत होते. रस्सा वाढता वाढता मी साध्या आवाजात विचारलं, "भाऊजी, मशीनच्या आत एक सेल असतो ना? चपटा?"

"हां, असतो की."

"तो गेला की काय होतं?"

"काही नाही. तारीख-बिरीख जाते. छोटी गोष्ट आहे."

"आणि कोणती डिस्क आधी बघायची तेही विसरतं."

त्याचा घास हातात थांबला. "ते... जुन्या मशीनला होतं कधी कधी."

"आमचा कधीपासून गेलेला?"

"तुमचा ना, मी सांगितलेलं यांना." त्यानं हनुवटीनं माझ्या नवऱ्याकडं दाखवलं. "तीन वर्षं झाली. सेल वीक आहे म्हणून."

"मला?" नवरा म्हणाला. तो शांत माणूस आहे, पण खोटं त्याला ऐकवत नाही. "मला कधी, दाजी? तुम्ही दर वेळी फॉरमॅटच सांगितलं."

"अरे सांगितलं असेल. तुझ्या लक्षात नसेल."

"तीन वर्षांपासून माहीत होतं तुम्हाला," मी म्हणाले. "रस्सा घ्या ना अजून."

आत्यांना यातलं कॉम्प्युटरचं काही कळलं नसेल, पण माणसाचं कळलं. त्या जावयाकडं बघत होत्या. "जावईबापू, सेल म्हंजी बॅटरीतला असतोय तसला?"

"हां आत्या, तसलाच."

"मग त्यो बदलायचा का नाय?"

त्यानं रश्श्यात भाकरी मोडली. नणंद ताटात बघत होती. आत्यांनी पुढचं विचारलं नाही, पण दुपारी जावयाला उशी द्यायला त्या उठल्या नाहीत. उशी मीच दिली. मला द्यायची होती.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं, असं नवरा म्हणतो. मी थांबले नाही. नात्यात ज्या ज्या घरी तो रविवारी 'फॉरमॅट' मारायला जायचा त्या घरांची नावं मला पाठ होती. पाचोडचा चुलत दीर, पैठणची मावस नणंद, सिडकोतले मामेसासरे, अशी पाच-सहा. मी एकेकाला फोन केला. कुणाविरुद्ध एक शब्द बोलले नाही. एवढंच विचारलं, "सकाळी मशीन सुरू केल्या केल्या तारीख कोणती दाखवतं, बघून सांगाल का?"

सिडकोतले मामंजी म्हणाले, बरोबर तारीख दाखवतंय. मला वाईट वाटलं. पाचोडहून दुसऱ्या दिवशी फोन आला, एक जानेवारी. पैठणची मावस नणंद म्हणाली, "अगं, ती तारीख कायम चुकीचीच असते. भाऊजी म्हणाले होते, दुर्लक्ष करा." मी तिला सेल कसा दिसतो, कुठं मिळतो, झाकण कसं उघडायचं, सगळं सांगितलं. तिनं स्वतःच बदलला आणि मला फोटो पाठवला. बोटात धरलेला जुना सेल, मागं तिच्या बांगड्या. मी तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मावस वन्संनी स्वतः दुरुस्त केला. फक्त हाच खराब होता.' ग्रुपवर तोही आहे. त्यानं बघितल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. अंगठा आला नाही.

त्यानंतर महिनाभरात त्याला रविवारी कुणी बोलवलं नाही. एक-दोघांनी माझ्याकडंच मशीनं आणून ठेवली. मी चहा देते, दुरुस्त करते, परत देते.

मग नणंदेचा फोन आला. मला वाटलं, भांडायलाच केला.

"काय गं, काय सांगत सुटलीस सगळ्यांना?"

"तारीख विचारली फक्त, वन्सं."

"हां. तारीख." मागं दार लोटल्याचा आवाज आला. "सगळे रविवार घरात बसून असतात आता. हे इथं का ठेवलं, ते तिथं का नाही. माझं डोकं उठवलंय नुसतं."

तिच्या डोक्याचं मला खरंच वाईट वाटलं, पण थोडंच.

"ऐक," ती आवाज खाली आणून म्हणाली. "ते तू जे टाकलंयस ना तुझ्या मशीनवर. लिनक्स. ते माझ्या मशीनवर टाकता येतं का? माझं मशीन उघडलं की आधी यांचा पासवर्ड लागतो. मला माझं काही उघडायचं तर यांना विचारावं लागतं. वीस वर्षं झाली."

"येतं की. पेन ड्राइव्ह घेऊन येते. पासवर्ड तुमचा तुम्ही टाकायचा, मी तिकडं तोंड फिरवते."

"कधी येतेस?"

"रविवारी," मी म्हणाले. "भाऊजी घरी असतील ना?"

"असतील की. कुठं जाणार आता."

"मग येते."